टॉर्क काढायचाय? आधी कशाभोवती ते सांगा

टॉर्क म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम. त्याचं सूत्र एका ओळीत मावतं: बल गुणिले अंतर. तरीही या धड्यावरची गणितं हमखास चुकतात, आणि चूक क्वचितच गुणाकारात असते. ती असते 'अंतर' या शब्दात. कुठून मोजायचं, कुठवर मोजायचं आणि कुठल्या दिशेनं मोजायचं, हे न ठरवताच आकडे टाकले जातात.

बलाबद्दल बोलताना ते किती आणि कोणत्या दिशेला, एवढं सांगितलं की काम भागतं. टॉर्कचं तसं नसतं. 'या बलाचा टॉर्क किती?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कशाभोवती, ते सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. तेच बल एका बिंदूभोवती ५० न्यूटन-मीटर टॉर्क देईल, दुसऱ्या बिंदूभोवती शून्य आणि तिसऱ्याभोवती उलट्या दिशेनं ५०. म्हणून वहीत आकृती काढल्यावर पेन्सिलीनं पहिला ठिपका अक्षाचा, म्हणजे ज्याभोवती टॉर्क काढायचा त्या बिंदूचा, द्यावा. बाकीचं सगळं त्यानंतर.

गाडीचं चाक बदलण्यापासून सुरुवात करू. छोट्या कारच्या चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटर टॉर्कनं आवळायचे असतात. गाडीगणिक आकडा थोडा बदलतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. १०० न्यूटन-मीटर म्हणजे काय? नटाच्या मध्यापासून १ मीटर अंतरावर, पान्याच्या दांड्याशी काटकोनात, १०० न्यूटन बल. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोचं वजन. (१ किलो वस्तूचं वजन खरं तर ९.८ न्यूटन असतं. इथे सोयीसाठी १० धरतोय, परीक्षेत विचारतील तो आकडा घ्या.) पण १ मीटर लांबीचा पाना डिकीत कोणी ठेवत नाही. गाडीसोबत येणारा पाना साधारण ३० सेंटीमीटरचा धरला, तर तोच टॉर्क मिळवायला १०० भागिले ०.३, म्हणजे ३३३ न्यूटन लागतात. तेहेतीस किलोचं वजन नुसत्या हातानं दाबल्यासारखं झालं. पंक्चरवाल्यानं हवेच्या गननं नट ठोकून आवळलेले असले, तर हा आकडा याहून कितीतरी वर जातो, आणि मग भर रस्त्यात पान्यावर पाय देऊन उभं राहायची वेळ येते.

उभं राहाच. ६० किलोचा माणूस, म्हणजे ६०० न्यूटन, सरळ खाली. चाकाकडे तोंड करून उभं राहिल्यावर पाना नटाच्या डावीकडे आडवा धरलेला असेल, तर वजन त्याला घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवतं. नट सुटतो तोही त्याच दिशेनं. पाना पूर्ण आडवा असेपर्यंत टॉर्क ६०० गुणिले ०.३, म्हणजे १८० न्यूटन-मीटर. पाना थोडा फिरून ३० अंशांनी खाली कलला की काय होतं? माणूस तोच, पानाही तोच, तरी टॉर्क १५६ वर येतो. ६० अंश कलला की ९०. आणि पाना सरळ खाली लोंबला की शून्य. त्या स्थितीत त्यावर हत्ती उभा केला तरी नट हलायचा नाही. वाकेल तो पाना.

असं का होतं, ते कळलं की टॉर्क कळला. सूत्रातलं अंतर म्हणजे पान्याची लांबी नव्हे. बल ज्या रेषेवरून लागतंय ती रेषा दोन्ही बाजूंना हवी तितकी लांब वाढवायची आणि अक्षापासून त्या रेषेवर लंब टाकायचा. त्या लंबाची लांबी हे आपलं अंतर. माणसाचं वजन नेहमी उभ्या रेषेत असतं, त्यामुळे इथला लंब नेहमी आडवा. पाना आडवा असेल तेव्हा लंब ३० सेंटीमीटर. ३० अंश कलला की त्याची आडवी व्याप्ती २६ सेंटीमीटर उरते, ६० अंशांना १५, आणि लोंबल्यावर ती रेषा थेट नटातूनच जाते. लंब शून्य, म्हणून टॉर्क शून्य.

पुस्तकातलं साइनवालं सूत्र हेच सांगतं: टॉर्क म्हणजे अंतर गुणिले बल गुणिले कोनाचा साइन. पण यातला कोन आडव्या रेषेशी केलेला नाही. तो पान्याचा दांडा आणि बलाची दिशा यांच्यामधला आहे. पाना आडव्यापासून ३० अंश खाली कललेला असताना दांडा आणि वजन यांच्यातला कोन ६० अंश असतो. साइन ६० म्हणजे ०.८६६, त्यावरून १५६ येतात. गणितात '३० अंश' दिसले म्हणून जो थेट साइन ३० घेतो त्याला ९० मिळतात, आणि उत्तर दिसायलाही ठीक दिसतं. म्हणून माझं मत असं की पहिले काही दिवस साइनला हातच लावू नये. रेषा वाढवा, लंब टाका, लंब मोजा. कोन आपोआप नीट बसतो.

लगे हाथ नटाचं अजून एक. नट आवळताना आपल्याला खरं हवं असतं ते बोल्टमधलं ताण-बल, कारण चाक तेच धरून ठेवतं. टॉर्क हा ते ओळखायचा आडमार्ग आहे, आणि बराच खडबडीत. कोरड्या नटावर लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानानं नव्वद टक्के घर्षण खाऊन टाकतं: साधारण अर्धा नटाच्या तळाशी, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये. जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. म्हणजे आट्यांना तेल लावलंत आणि टॉर्क पाना (ठरवलेला टॉर्क आला की आवाज करणारा पाना) तोच १०० दाखवत 'कट' वाजला, तर बोल्ट अपेक्षेपेक्षा बराच जास्त ताणला गेलेला असू शकतो. टॉर्क अचूक मोजला म्हणून सगळंच अचूक झालं, असं नसतं.

आता दोन टॉर्क एकमेकांसमोर आले की काय होतं ते बघू. घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवणारा टॉर्क धन, घड्याळाच्या दिशेनं फिरवणारा ऋण, अशी रीत आहे. उलटी घेतली तरी बिघडत नाही, एका गणितात एकच रीत ठेवली म्हणजे झालं. सगळ्या टॉर्कची बेरीज शून्य आली की वस्तूला फिरायचं कारण उरत नाही. आपल्याकडे व्यापारी 'दांडी मारतो' ती नेमकी या बेरजेत. जुन्या तराजूच्या दांडीचा मध्य हा अक्ष. समजा दांडी ५० सेंटीमीटरची आहे, पण टांगायचं भोक मधोमध न पाडता अर्धा सेंटीमीटर सरकवलंय. वजनाच्या पारड्याची बाजू २४.५ आणि मालाच्या पारड्याची २५.५. वजनाच्या पारड्यात १ किलो ठेवला, तर २५.५ गुणिले माल बरोबर २४.५ गुणिले १ किलो झालं की दांडी सरळ राहते. माल भरतो ९६१ ग्रॅम. रिकाम्या तराजूत दांडी कललेली दिसू नये म्हणून लांब बाजूचं पारडं किंचित हलकं ठेवायचं, की गिऱ्हाइकाला शंका यायचं कारण नाही.

ही चोरी पकडायला फूटपट्टी लागत नाही. माल आणि वजन यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोला. खरा १ किलो माल एका बाजूनं १ किलो ४१ ग्रॅम दाखवेल, दुसऱ्या बाजूनं ९६१ ग्रॅम. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की खरं वजन मिळतं, दांडी कितीही वाकडी असली तरी. दोन्ही वेळच्या टॉर्कची समीकरणं लिहून एकमेकांना गुणली की दांडीच्या दोन्ही बाजूंच्या लांब्या कटतात, म्हणून. हे एकदा स्वतः करून पाहण्यासारखं आहे.

तराजूत अक्ष कुठला ते उघड दिसतं. खरी गंमत येते जिथे अक्ष दिसतच नाही तिथे. भिंतीला टेकवलेली शिडी घ्या.

शिडी ५ मीटर लांब, तिचा पाया भिंतीपासून १.४ मीटरवर, त्यामुळे वरचं टोक ४.८ मीटर उंचीवर. शिडीचं वजन १०० न्यूटन, ते मध्यावर धरायचं. तिच्यावर ६०० न्यूटन वजनाचा माणूस. भिंत गुळगुळीत, म्हणजे ती फक्त आडवा रेटा देते. जमीन मात्र दोन गोष्टी करते: वर उचलून धरते आणि पाया घसरू नये म्हणून घर्षणानं भिंतीच्या दिशेला रेटते. भिंतीचा रेटा, जमिनीचा आधार आणि घर्षण, अशी तीन अज्ञातं झाली. उभ्या बलांचा हिशोब केला तर जमिनीचा आधार ७०० न्यूटन. आडव्यांचा केला तर घर्षण आणि भिंतीचा रेटा सारखे. पण सारखे म्हणजे किती? इथे बलांचा हिशोब संपतो आणि टॉर्कचा सुरू होतो.

अक्ष शिडीच्या पायथ्याशी घेऊ. तिथेच का? कारण जमिनीचा आधार आणि घर्षण ही दोन्ही बलं त्याच बिंदूतून जातात, त्यांचा लंब शून्य, त्यामुळे ती समीकरणातून बाद होतात. उरतं एकच अज्ञात. शिडीच्या वजनाची रेषा उभी, म्हणून तिचा लंब आडवा मोजायचा: ०.७ मीटर. टॉर्क ७०. माणूस अर्ध्यावर असेल तर त्याचाही लंब ०.७, टॉर्क ४२०. दोन्ही मिळून ४९०. भिंतीचा रेटा आडवा, म्हणून त्याचा लंब उभा: ४.८ मीटर. ४९० भागिले ४.८, म्हणजे १०२ न्यूटन. सगळ्या गणितात कोन एकदाही लागला नाही, हे लक्षात आलं असेलच.

माणूस अगदी वरच्या टोकाला पोचला की त्याचा लंब १.४ होतो, टॉर्क ८४०. एकूण ९१०, भागिले ४.८, रेटा १९० न्यूटन. म्हणजे तळाशी घर्षणही १९० लागणार. जमिनीचा आधार ७०० चाच राहतो. अर्ध्यावर असताना घर्षण आणि आधार यांचं गुणोत्तर ०.१५ च्या आसपास होतं, वर गेल्यावर ०.२७. खालच्या पायऱ्यांवर शिडी भक्कम वाटली म्हणून वरही ती तशीच राहील असं नाही. रंगारी वरच्या पायऱ्यांवरून पडतात, त्यामागे निष्काळजीपणापेक्षा हे गणित जास्त असावं असं मला वाटतं.

आता पाया ३ मीटर लांब ठेवून बघा. शिडी ५ मीटरचीच, टोक ४ मीटरवर. वरच्या टोकाला माणूस: १०० गुणिले १.५ अधिक ६०० गुणिले ३, म्हणजे १९५०, भागिले ४. घर्षण हवं सुमारे ४८८ न्यूटन, गुणोत्तर ०.७. गुळगुळीत फरशीवर, त्यातून ती ओली असली तर, एवढं घर्षण मिळेल अशी आशा धरू नये. शिडी वापरणाऱ्यांना शिकवला जाणारा नियम असा की टेकवलेल्या उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर पाया ठेवावा. ४.८ मीटर उंचीला १.२ मीटर. आपले १.४ त्याच्या जवळ आहेत, ३ मात्र फार लांब.

इथे वर्गात एक शंका हटकून निघते. शिडी पायथ्याभोवती फिरतच नाहीये, मग तिथे अक्ष घ्यायचा अधिकार कोणी दिला? शंका रास्त आहे. उत्तर असं की वस्तू स्थिर असेल आणि बलांची बेरीजही शून्य असेल, तर टॉर्कची बेरीज कुठल्याही बिंदूभोवती शून्यच येते. अक्ष वरच्या टोकाला घेऊन बघा. आता भिंतीचा रेटा बाद झाला आणि टोकाला उभ्या असलेल्या माणसाचं वजनही. जमिनीचा ७०० चा आधार १.४ मीटर लंबानं ९८० देतो, त्याच्या उलट दिशेनं शिडीचं वजन ७०, आणि घर्षण गुणिले ४.८. ९८० वजा ७०, ९१०. भागिले ४.८. पुन्हा १९०. अक्ष बदलला, मधले सगळे आकडे बदलले, उत्तर जागच्या जागी. हवं तर भिंतीपल्याडच्या झाडाभोवती टॉर्क काढा, तेच येईल. फक्त कागद जास्त लागेल. तेव्हा अक्ष निवडायचं स्वातंत्र्य आपलं आहे, आणि ज्या बिंदूतून सर्वात जास्त अज्ञात बलं जातात तो निवडणं शहाणपणाचं.

एककाचा गोंधळ थोडक्यात. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आणि कार्यही न्यूटन-मीटरमध्येच, ज्याला आपण ज्यूल म्हणतो. टॉर्कला मात्र ज्यूल म्हणत नाहीत. कार्यात बल आणि सरकणं एकाच दिशेनं मोजतात, टॉर्कमध्ये बल आणि अंतर काटकोनात. अडलेल्या नटावर तुम्ही तासभर १८० न्यूटन-मीटर लावून उभे राहिलात आणि नट हलला नाही, तर नटावर झालेलं कार्य शून्य, घाम कितीही गळो. नट फिरला तरच कार्य होतं, आणि ते टॉर्क गुणिले फिरलेला कोन इतकं, कोन रेडियनमध्ये. गॅरेजमध्ये 'केजीएम' असंही एकक ऐकू येतं, म्हणजे किलोग्रॅम-बल मीटर. १ केजीएम म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर.

आणि शेवटी तो आकडा, ज्यावरून कट्ट्यावर वाद झडतात. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चा कमाल टॉर्क २७ न्यूटन-मीटर. हीरो स्प्लेंडर प्लसचा ८.०५. आता साधी सायकल घ्या. पेडलच्या दांड्याची लांबी बहुधा १७० मिलिमीटर असते. ६० किलोचा माणूस आडव्या पेडलवर उभा राहिला तर ६०० गुणिले ०.१७, म्हणजे १०२ न्यूटन-मीटर. क्लासिकच्या जवळजवळ चौपट. मग सायकलवाला पुढे का निघून जात नाही?

कारण टॉर्क किती यासोबत तो किती वेगानं फिरतोय हेही विचारावं लागतं. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती: टॉर्क गुणिले कोनीय वेग. आरपीएमला, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना, २ पायनं गुणून ६० नं भागलं की कोनीय वेग रेडियन प्रतिसेकंद मिळतो. क्लासिकचे २७ न्यूटन-मीटर मिळतात ४००० आरपीएमला, म्हणजे ४१९ रेडियन प्रतिसेकंद. गुणाकार ११,३०० वॅट, साधारण १५ बीएचपी (इंजिनाची अश्वशक्ती). सायकलवाल्याचे १०२ मिळतात ते पेडल आडवं असलेल्या क्षणापुरते. पेडल वर किंवा खाली पोचलं की लंब शून्य होतो, लोंबत्या पान्यासारखाच. मिनिटाला ६० फेऱ्या मारत १०० वॅट शक्ती देणाऱ्या माणसाचा सरासरी टॉर्क १६ न्यूटन-मीटरच्या आसपास भरतो. तो तासभर टिकवणंही आपल्यासारख्यांना सोपं नाही.

क्लासिकची कमाल शक्ती, २०.२ बीएचपी, मिळते ६१०० आरपीएमला. तिथे टॉर्क किती असेल, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं, पण काढता येतं. २०.२ बीएचपी म्हणजे सुमारे १५,०६० वॅट, ६१०० आरपीएम म्हणजे ६३९ रेडियन प्रतिसेकंद. भागाकार २३.६. टॉर्क २७ वरून खाली आलाय, तरी फेऱ्या त्याहून जास्त वाढल्यामुळे शक्ती चढलीय. 'टॉर्क भारी की पॉवर भारी' या वादात दोन्ही बाजू बहुधा एकाच इंजिनाच्या दोन वेगवेगळ्या आरपीएमबद्दल बोलत असतात.

शिवाय जाहिरातीतला टॉर्क इंजिनाच्या क्रँकशाफ्टभोवतीचा, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याभोवतीचा असतो, मागच्या चाकाच्या अक्षाभोवतीचा नाही. मध्ये गिअर आणि चेन आहेत. ते फेऱ्या जितक्या पट कमी करतात, टॉर्क तितक्याच पट वाढवतात, घर्षणात थोडा जातो तो वेगळा. पहिल्या गिअरमध्ये ही पट सर्वात मोठी असते, म्हणून आंबेनळीसारख्या घाटात मागे माणूस बसलेला असताना गाडी दम टाकायला लागली की आपण गिअर खाली घेतो. साध्या सायकलवर हे उलटं असतं. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असतील, तर चाकाच्या फेऱ्या पेडलच्या २.४४ पट, आणि टॉर्क तेवढ्याच पटीनं कमी. पेडलवरचे १०२ चाकावर ४२ होऊन पोचतात. त्या ४२ ला चाकाच्या त्रिज्येनं, साधारण ०.३३ मीटरनं, भागलं की टायर रस्त्याला किती बलानं मागे ढकलतो ते कळतं: १२७ न्यूटन. सायकलस्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरले, तर दर सहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर नुसतं मागे न घसरण्यासाठीच १२५ न्यूटन लागतात. तिथे गिअर नसलेली सायकल हातानं ढकलत नेणं बरं.